मऊ-कडक पॅड : गिरणीच्या कंपावरच्या कामाच्या नोंदी

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार. लालबाग

मामा रात्री साडेनऊला गिरणी बंद करतो तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या आजींची भांड्यांची मांडणी वाजते. दिवसभर गहू पडत असतात, पट्टा फिरत असतो, तेव्हा नाही. बंद करतानाच वाजते. आजी हे गेली कित्येक वर्षं सांगतायत आणि सगळे त्यांना म्हणतात, "आजी, गिरणी बंद झाल्यावर भांडी कशी वाजतील?"

आज घड्याळ घेऊन त्यांच्या स्वयंपाकघरात बसले. खाली मामाने बटण दाबलं. सात सेकंद काही नाही. आठव्या सेकंदाला पितळी डबा थरथरायला लागला, मग ओगराळं, मग सगळी ताटं एकदम. बाराव्या सेकंदाला शांत. चाक पूर्ण थांबायला एकोणीस सेकंद लागले.

आजी बरोबर आहेत, आणि याचं कारण अगदी पुस्तकी आहे. रबरी चकत्यांवर ठेवलेल्या प्रत्येक यंत्राची एक स्वतःची लय असते; त्या लयीत हलवलं की ते सर्वांत जास्त थरथरतं. मोटर मिनिटाला १४४० फेरे म्हणजे सेकंदाला २४ फिरते तेव्हा ती त्या लयीच्या बरीच वर असते, म्हणून कंप खाली चकत्यांतच जिरतात. बंद करताना वेग हळूहळू उतरतो आणि त्या लयीवरून जातो. सुरू करताना मोटर जोर लावून तिथून पटकन निघून जाते. बंद होताना ढकलणारं कोणीच नसतं, म्हणून तिथे रेंगाळते.

चकत्या कडक केल्या तर लय वर सरकेल, पण मग दिवसभर कंप जास्त जाणार. मऊ ठेवल्या तर रात्रीचा त्रास आहेच. म्हणजे दिवसभर मऊ आणि त्या चार सेकंदांपुरतं कडक होईल असं रबर हवं. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "असं रबर आहे. करून बघ." शेवटच्या वर्षाचा प्रकल्प ठरला.

१ मार्च, शनिवार

वाचन. लोखंडाची बारीक पूड तेलात घातली की चुंबकाजवळ ते तेल घट्ट होतं, हे जेकब रॅबिनो यांनी अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये १९४८च्या सुमारास दाखवलं. २००२ साली कॅडिलॅक सेव्हिल या गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरमध्ये तेच तत्त्व आलं. तेलाची अडचण अशी की पूड तळाशी बसते आणि तेल गळू नये म्हणून सील लागतात. तेलाऐवजी रबर घेतलं की कण जिथल्या तिथे राहतात. कण एकमेकांना ओढतात, मधलं रबर ताणलं जातं, आणि पूर्ण तुकडा हलायला जड जातो. चुंबकाचं क्षेत्र काढलं की पूर्ववत.

वाचायला सोपं आहे. गिरणीखाली घालणं दूरच, आधी हातात धरता येईल असा एक तुकडा करायचा.

९ मार्च, रविवार

पहिला तुकडा वाया. शाळेच्या प्रयोगाला मिळतो तो लोखंडाचा कीस वापरला होता. साच्यातून काढून ब्लेडने कापला तर वरचा अर्धा भाग नुसतं पांढरं रबर आणि खाली करड्या किसाचा थर. कीस जाड, वजनदार. रबर धरायच्या आत बुडाला.

१५ मार्च, शनिवार

प्रिन्सेस स्ट्रीटला रसायनांच्या तीन दुकानांत फिरले. चौथ्यात कार्बोनिल आयर्न मिळालं, अर्धा किलो. हे वेगळंच प्रकरण आहे. लोखंड आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून आयर्न पेंटाकार्बोनिल नावाचा द्रव करतात, तो तापवून फोडला की शुद्ध लोखंडाचे गोल कण पडतात. बीएएसएफने जर्मनीत १९२०च्या दशकात ही रीत बसवली. माझ्या डब्यावर ३ ते ५ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) लिहिलंय. दोन बोटांत घेतली तर पूड वाटतच नाही, काजळ वाटतं. बोटांच्या रेषांत जाऊन बसते आणि साबणाने तीनदा धुतली तरी निघत नाही.

दुकानदाराने दोन गोष्टी बजावल्या: मास्क घाल, आणि पंख्याखाली, ठिणगीजवळ उघडू नको. बारीक लोखंड हवेत उडलं तर पेटतं. मामाला सांगितलं तर त्याला हे नवीन नव्हतं. पिठाच्या धुरळ्याजवळ उघडा दिवा नेऊ नये, हे त्याच्या वडिलांनी त्याला पहिल्या दिवशी शिकवलेलं.

येताना लॅमिंग्टन रोडवरून एडीएक्सएल ३४५ (कंप मोजायला), ४९ई हॉल सेन्सर (चुंबकाचं क्षेत्र मोजायला) आणि निओडायमियम चुंबकाच्या आठ चकत्या. उद्या रविवार, दुकानं बंद, म्हणून सगळं आजच उरकलं.

१६ मार्च, रविवार

रबर कुठून घ्यायचं याचं उत्तर चाळीतच होतं. मागच्या खोलीतले मूर्तिकार काका गणपतीच्या साच्यांना सिलिकॉन रबर वापरतात, हार्डनर घालून धरणारं. त्यांनी एक किलो दिलं आणि ओतायचं कसं तेही दाखवलं. मी भांडं साच्याच्या मधोमध उपडं करणार होते. त्यांनी हात धरला. "कोपऱ्यात ओत, बारीक धारेने, हात उंच धरून. धार जितकी बारीक तितका बुडबुडा फुटतो. रबराला स्वतःहून पसरू दे." धार दोऱ्याएवढी झाली तेव्हा त्यात अडकलेला बुडबुडा लांबट होऊन फुटताना दिसत होता. हे मला कुठल्याच रिसर्च पेपरात मिळालं नसतं.

किती पूड घालायची? फोर्ड कंपनीतल्या डेव्हिस यांनी १९९९ साली हिशेब मांडला की घनफळाने सुमारे २७ टक्के लोखंड असताना परिणाम सर्वांत जास्त मिळतो. घनफळाने, वजनाने नाही. १०० घन सेंमी मिश्रणात २७ घन सेंमी लोखंड म्हणजे जवळजवळ २१२ ग्रॅम, आणि रबर फक्त ७९ ग्रॅम. वजनाचा तीन चतुर्थांश भाग लोखंडच. कालवताना चमचा उभा राहतो. मिश्रण काळंशार, डांबरासारखं.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी पहिली मोजणी. खाली चुंबक, त्यावर पॅड, त्यावर लोखंडी पट्टी आणि तीन किलो वजन. बोटाने टिचकी मारायची, सेन्सर लय सांगतो.

चुंबकाशिवाय ३१ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३१ कंप. चुंबक ठेवून २९.५.

वाढायला हवी होती, कमी झाली. दहा वेळा केलं. तेच.

५ एप्रिल, शनिवार

हे कोडं आठवडाभर डोक्यात होतं. आज लोखंड न घातलेलं साधं रबर त्याच मापात ओतून तिथे ठेवलं. त्याचीही लय चुंबकाने घटली! साध्या रबराला चुंबकाचं काय? म्हणजे दोष पॅडचा नाही, मांडणीचा.

मग उलगडलं. खालचे चुंबक वरच्या पट्टीला ओढतात. पट्टी थोडी खाली गेली की अंतर कमी होतं आणि ओढ वाढते. वर गेली की ओढ कमी होते. स्प्रिंग परत ढकलते, ही ओढ त्याच्या बरोबर उलटं करते. तिने स्प्रिंगचा कडकपणा खाल्ला, आणि माझ्या पॅडने जो काही वाढवला असेल तो त्याखाली गाडला गेला. मॅडमना दाखवल्यावर त्या बराच वेळ माझ्या वहीतला आकडा बघत होत्या. साधं रबर ठेवून बघितलं नसतंस तर पॅडलाच नाव ठेवून मोकळी झाली असतीस, म्हणाल्या.

१२ आणि १३ एप्रिल

नवी मांडणी. पॅड दाबायचं नाही, घासल्यासारखं सरकवायचं. मधे लोखंडी पट्टी, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड (२५ बाय २५ मिमी, जाडी ६), आणि पॅडांच्या बाहेर चुंबकाचे दोन ध्रुव. पट्टी पॅडांना समांतर पुढे-मागे हलते. दोन्ही बाजूंची ओढ एकमेकींना कापते, आणि हलण्याच्या दिशेत अंतर बदलतच नाही.

वजनाने पॅड ओघळू नये म्हणून पाट टांगला. आमच्या खोलीच्या तुळईला पाळण्याची कडी आहे, मी त्याच पाळण्यात होते. तिथून चार तारा, खाली आईचा जेवायचा पाट, पाटावर मोटर, मोटरच्या चकतीवर मुद्दाम एका बाजूला लावलेला बोल्ट. एकूण ३.२ किलो. आईने पाट दिला, पण श्रावणाआधी परत हवा या अटीवर.

आता चुंबक चालू-बंद करता यावा म्हणून कॉइल. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांचा गाभा, २२ गेजची तांब्याची तार, १२०० वेढे. वाइंडिंगवाल्या भाऊंनी मशीनवर वीस मिनिटांत गुंडाळून दिली. माझ्या हाताने दोन दिवस गेले असते. २ अँपिअर सोडले तर १२ मिमी हवेच्या फटीत हिशेबाने पाव टेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक).

हिशेब खरा का ते बघायला हॉल सेन्सर लावला आणि तो ४.२ व्होल्टच्या आसपास जाऊन तिथेच चिकटला. हा सेन्सर ०.१ टेस्लाच्या आसपास भरतो, पुढे त्याला कळत नाही. म्हणून प्रवाह ०.३ अँपिअरवर आणला. आकडा २.९६ व्होल्ट. शून्य क्षेत्राला २.५० असतो, फरक ०.४६, म्हणजे सुमारे ३३ मिलिटेस्ला. त्या प्रमाणात २ अँपिअरला ०.२२. थोडं क्षेत्र बाजूने निसटतंय, ते ठीक. फटीत पॅड बसलं की त्यातल्या लोखंडामुळे हा आकडा वाढेलच.

२० एप्रिल, रविवार

पॅड बसवलं. कॉइल बंद, २१.० हर्ट्झ. चालू, २१.६.

वाढली! सहा दशांश का होईना, योग्य दिशेने. आईला हाक मारून आकडा दाखवला.

रात्री हिशेब केला तेव्हा उत्साह थोडा उतरला. कडकपणा लयीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, २१.६ भागिले २१, त्याचा वर्ग १.०६. सहा टक्के. याने आजींची ताटं थांबणार नाहीत.

सोपा विचार मनात आलाच: चुंबक मोठा करू, ५ अँपिअर सोडू. २ अँपिअरलाच कॉइल दहा मिनिटांत हात लावता येणार नाही इतकी तापते. पाचला उष्णता सहापट.

२१ एप्रिल, सोमवार

मॅडमनी एकच प्रश्न विचारला. "टक्के सोड. किती न्यूटन वाढले?"

काढून बघितलं. पट्टी एक मिलिमीटर सरकवायला लागणारा जोर ५५.७ न्यूटनवरून ५८.९. वाढ ३.२. मग लक्षात आलं की चुंबकाने जे द्यायचं ते दिलंय. ते मी आधीच कडक असलेल्या रबरावर ठेवलं म्हणून दिसत नाही. भरल्या पोत्यात मूठभर घातल्यासारखं. चुंबक मोठा करण्यापेक्षा रबर मऊ करायला हवं.

२७ एप्रिल, रविवार

रबरात सिलिकॉन ऑइल घालून पाहिलं. पहिल्यांदा जास्त झालं: दोन दिवसांत पॅडला तेलाचा घाम सुटला आणि ध्रुवांवरून निसटायला लागलं. दुसऱ्यांदा निम्म्यावर आणलं. आता दाबलं तर कानाच्या पाळीसारखं लागतं.

९.५ वरून १०.६ हर्ट्झ. टक्क्यांत चोवीस. न्यूटनमध्ये ११.४ वरून १४.२, वाढ २.८. कडक पॅडमध्ये ३.२, मऊमध्ये २.८. चुंबकाचं देणं जवळजवळ तेवढंच! मी हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ बघत बसले. दोन महिन्यांच्या कामात हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१ मे, गुरुवार, महाराष्ट्र दिन

सुट्टी होती म्हणून एक गोष्ट डोळ्यांनी बघायची ठरवली. रिसर्च पेपरांत म्हटलंय की रबर धरत असतानाच चुंबकात ठेवलं तर कण साखळ्या करतात आणि रबर धरलं की त्या तशाच गोठतात. २७ टक्क्यांच्या पॅडमध्ये काही दिसत नाही, सगळं काळं. म्हणून फक्त एक टक्का पूड घातली आणि दोन काचांमध्ये पापडासारखा थर दिला. मोबाइलला क्लिपचं भिंग लावलं.

आधी नुसतं करडं धुकं. मग बाजूने चुंबक आणला. धुक्यात दाणे दिसायला लागले, मग दाण्याला दाणा लागून छोटे काटे झाले, काटा काट्याच्या टोकाला जाऊन चिकटला, आणि पाचसहा मिनिटांत कडेपासून कडेपर्यंत रेघाच रेघा. त्यांच्या मधलं रबर स्वच्छ, पारदर्शक. एक रेघ मधेच तुटलेली होती. शेजारून एक एकटा कण हळूहळू सरकत आला आणि त्या फटीत बसला.

आजींना वर नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "हे आपणहून उभे राहिले?"

४ मे, रविवार

आता खरी पॅडं चुंबकात धरवली. साच्याच्या दोन्ही बाजूंना निओडायमियमच्या चकत्या, ओतल्यावर चोवीस तास हात नाही लावला. साखळ्यांची दिशा ध्रुवाकडून ध्रुवाकडे राहील अशी खूण कडेला केली. तीच आडवी बसली तर सगळं फुकट.

कॉइल बंद ११.२ हर्ट्झ. चालू १४.३.

१५.८ न्यूटनवरून २५.८. वाढ १०. टक्क्यांत ६३. कॉइल तीच, प्रवाह तोच, पूड तेवढीच. फरक एवढाच की कण एका ओळीत आधीच शेजारी उभे होते. जवळ असलेल्या कणांची एकमेकांवरची ओढ अंतर कमी होताच झपाट्याने वाढते, म्हणून ओळीतलं लोखंड विखुरलेल्या लोखंडापेक्षा कितीतरी जास्त काम करतं.

मॅडमच्या सांगण्यावरून जोरात हलवूनही मोजलं. मोठ्या हेलकाव्याला परिणाम कमी होतो. कण एकमेकांपासून ओढले जातात, साखळीचा जोर सुटतो. म्हणजे हे रबर बारीक कंपासाठीच आहे, दणक्यासाठी नाही. हे अहवालात ठळक लिहायचं.

१८ मे, रविवार

आज गिरणी बंद करण्याची नक्कल. पाटावरची मोटर २४ हर्ट्झपर्यंत नेऊन वीज तोडायची आणि उतरू द्यायची.

कॉइल पूर्ण वेळ बंद: ११ हर्ट्झच्या आसपास पाट जोरात हलतो, ०.६२ जी (एक जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाएवढं). पाटावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यातलं पाणी सांडलं.

कॉइल पूर्ण वेळ चालू: फायदा नाही. जोर फक्त १४ वर सरकतो, शिवाय २४ला चालू असतानाही कंप जवळजवळ दुप्पट जातात.

मग आर्डुइनोला (छोट्या कंट्रोलर बोर्डाला) सांगितलं: वेग १३ हर्ट्झला आला की कॉइल चालू कर. उतरणारी मोटर ११च्या दिशेने येत असते, आणि ती तिथे पोचायच्या आत ते ठिकाणच उठून १४वर, म्हणजे तिच्या मागे जाऊन बसतं. २४, २०, १६, १३, कॉइलचा हलका टक् आवाज, ११, ८, ५. सर्वांत मोठा आकडा ०.२६ जी. पेल्यात पाण्यावर बारीक वर्तुळं उठली आणि विरली. थेंब बाहेर नाही.

मी मोटर पुन्हा सुरू केली आणि पुन्हा बंद केली. अकरा वेळा. अकराव्या वेळेपर्यंत आई, मामा आणि मूर्तिकार काका तिघंही दारात उभे होते.

कॉइल फक्त चार-पाच सेकंद चालू राहते, त्यामुळे तापण्याचा प्रश्न आपोआप संपला. मामाचा प्रश्न मात्र राहिला: "आणि लाईटच गेली तर?" वीज गेली की गिरणीही उतरणार आणि कॉइलला प्रवाहही नाही. १२ व्होल्टची छोटी बॅटरी कॉइलसाठी वेगळी ठेवायची. हे मला सुचलं नव्हतं.

२६ मे, सोमवार

मुंबईत पाऊस आज आला, मे संपायच्या आत. परळला गुडघाभर पाणी, गिरणी दिवसभर बंद. उंबऱ्याला फळ्या लावून मोटर वर उचलून ठेवली.

रात्री बघितलं तर पुडीच्या डब्याचं झाकण नीट लागलं नव्हतं. वरचा थर विटकरी, गोळे झालेला. इतक्या बारीक लोखंडाला मुंबईची दमट हवा पुरते. साधारण शंभर ग्रॅम पूड गेली. पॅडं तपासली: आतून काळीच आहेत, पण ब्लेडने कापलेल्या कडांवर तपकिरी छटा आहे, कारण तिथे कण उघडे पडलेत. यापुढे पॅड कापायचं नाही, नेमक्या मापाच्या साच्यातच ओतायचं म्हणजे सगळीकडे रबराची साय राहील. उरलेली पूड घट्ट बरणीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून.

रबरही आता लवकर धरतं. मूर्तिकार काका पावसाळ्यात हार्डनर कमी करतात. मीही करेन.

८ जून, रविवार

दुपारी गिरणी बंद असते. मामाने जॅक लावून एक पाय उचलला. खालची जुनी चकती काढली तर लाकडासारखी वाजली; रबर म्हणून तिच्यात काही उरलेलं नाही. तूर्त चारही पायांखाली बाजारातल्या नव्या चकत्या घालायच्या ठरल्या. त्याने थोडा फरक पडेल, आजींना पावसाळाभर थांबायला नको.

माझं पॅड इथे बसवायचं तर वजन साध्या चकत्यांवर आणि आडवा कंप माझ्या पॅडांवर, अशी वाटणी करावी लागेल, म्हणजे चकत्याही आडव्या दिशेने सैल हव्यात. जोर पाटापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून पॅडचं क्षेत्रफळही त्या मानाने वाढवायचं; जाडी तीच ठेवायची, नाहीतर फट वाढून क्षेत्र पडेल. एका पायाला एक जोडी, चार कॉइल. सुरुवात एकाच पायापासून.

आई पाटाची आठवण करून देतेय. त्याआधी दोन मोजण्या राहिल्यात, पॅड तापल्यावरची आणि महिनाभर ठेवल्यावरची.

आजी गॅलरीतून वाकून विचारत होत्या, "झालं का गं?" मामा जॅक धरून म्हणाला, "माप घेतेय ती, हाक मारू नका." पाय आणि लादी यांच्यातली फट उजवीकडे १४ मिमी, डावीकडे ११. लादी उतरती आहे. चारही पायांची वेगवेगळी मापं घ्यावी लागतील.